पोर्तुगीज वाईन : चवी, लेबलवरचे शब्द आणि ताटातली जोडी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव का सापडत नाही?

पोर्तुगालमध्ये वाईन ओळखली जाते ती प्रदेशावरून, द्राक्षावरून नव्हे. देशात अडीचशेहून जास्त देशी जाती आहेत. दोरू खोऱ्यातल्या जुन्या मळ्यांत तर एकाच तुकड्यात कितीतरी जाती सरमिसळ लावलेल्या असतात. त्या एकाच वेळी खुडल्या जातात आणि एकत्रच आंबवल्या जातात. अशा बाटलीवर मालकाने काय लिहायचे? शिवाय एकाच द्राक्षाला गावोगावी वेगळे नाव. दोरूमधले तिंता रोरिझ हे आलेंतेजोत आरागोनेझ होते आणि स्पेनमध्ये टेंप्रानिलो. दांवमधले जाएन म्हणजे स्पेनचे मेंसिया.

म्हणून आधी प्रदेश पाठ करावेत, जाती नंतर. विन्यो व्हेर्द म्हणजे हलकी आणि आंबटसर. दोरू म्हणजे दाट, पिकलेल्या काळ्या फळांची. दांव म्हणजे बारीक अंगाची, नेटकी. बायर्रादा म्हणजे तुरट आणि करकरीत. आलेंतेजो म्हणजे मऊ, उन्हात पिकलेली. एवढ्या पाच ओळी लक्षात राहिल्या तर दुकानातला निम्मा गोंधळ संपतो.

लेबलवर नेमके काय वाचायचे?

आधी रंग. तिंतो म्हणजे लाल, ब्रांको पांढरी, रोझादो गुलाबी, एश्पुमांते फेसाळ. फेसाळ बाटलीवर ब्रूतो असेल तर ती कोरडी; दोसे असेल तर गोड.

मग दर्जा. ‘डीओसी’ म्हणजे ठरावीक प्रदेश, ठरावीक जाती, ठरावीक नियम. ‘विन्यो रेजिओनाल’ म्हणजे मोठा प्रदेश आणि सैल नियम. दुसरी पहिल्यापेक्षा हलकी असे समजू नका. आलेंतेजो आणि लिस्बन परिसरातले अनेक चांगले उत्पादक नियमाबाहेरची द्राक्षे वापरायची म्हणून मुद्दाम रेजिओनाल लिहितात.

‘रेझेर्वा’ म्हणजे वाईन तपासणाऱ्या चाखणकारांकडून सरस ठरलेली. ‘गाराफेइरा’ला जास्त कडक अट आहे: लाल वाईन किमान 30 महिने मुरवलेली हवी, त्यातले 12 महिने बाटलीत. ‘किंता’ आणि ‘एर्दादे’ म्हणजे मळा किंवा इस्टेट.

खिशाला झळ लावणारा शब्द ‘कोल्येइता’. साध्या वाईनवर त्याचा अर्थ फक्त सुगीचे वर्ष. पोर्टच्या, म्हणजे स्पिरिट घालून कडक केलेल्या दोरूच्या वाईनच्या, बाटलीवर मात्र त्याचा अर्थ एकाच वर्षाची, लाकडी पिंपात किमान सात वर्षे मुरलेली टॉनी, म्हणजे विटकरी रंगाची पोर्ट. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

मानेवर किंवा मागच्या बाजूला क्रमांक असलेली कागदी पट्टी दिसेल. ते प्रदेशाच्या नियामक संस्थेचे हमीपत्र. प्रदेशाचे नाव मिरवणाऱ्या बाटलीवर ती नसेल तर बाटली परत ठेवा.

पहिल्यांदा घ्यायच्या असतील तर कोणत्या?

तीन घ्या: लोरेइरो द्राक्षाची विन्यो व्हेर्द, दांवची साधी लाल आणि दहा वर्षांची टॉनी पोर्ट. दोरूची महागडी रेझेर्वा पहिल्या दिवशी नको. कोवळी असताना ती तोंड आवळते आणि विनाकारण नावडती होते.

विन्यो व्हेर्द हिरवी असते का? आणि तिच्यात बुडबुडे कुठून येतात?

व्हेर्द म्हणजे हिरवा, पण वाईन हिरवी नसते. वायव्येकडच्या मिन्यो भागातल्या वाईनचे हे नाव आहे, आणि त्यात पांढरी, गुलाबी, लाल अशा तिन्ही येतात. अटलांटिकवरून भरपूर पाऊस येतो आणि द्राक्षे फार गोड होत नाहीत, म्हणून आंबटपणा टिकतो आणि मद्यांश बहुधा 9 ते 11.5 टक्के राहतो. ओलीमुळे बुरशीचा त्रास होतो. वेली जमिनीपासून उंच, ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडव करून चढवण्याची जुनी पद्धत आहे ती वारा खेळावा आणि खाली भाजीपाला घेता यावा म्हणून.

जिभेवर होणारी बारीक चुरचूर पूर्वी बाटलीतच दुसऱ्यांदा होणाऱ्या आंबण्यातून यायची. आता स्वस्त बाटल्यांत भरताना थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात. ही लबाडी नव्हे. अंगाने हलक्या वाईनला त्यामुळे ताजेपणा येतो.

लोरेइरोला लिंबाच्या फुलांचा आणि तमालपत्राचा वास असतो. मोन्सांव आणि मेलगासो या उत्तरेकडच्या तालुक्यांतली आल्व्हारिन्यो द्राक्षाची वाईन वेगळ्याच वजनाची: 12 ते 13.5 टक्के मद्यांश, पीच, संत्र्याची साल, आणि सहसा बुडबुडे नाहीत. ती पाच-सात वर्षे सहज मुरते. बाकीची साधी विन्यो व्हेर्द मात्र साठवायची नाही, सुगीनंतर वर्ष-दीड वर्षात संपवायची. लेबलवर वर्षच नसेल तर दुकानदाराला माल कधी आला ते विचारा. जुनी झालेली बाटली ओळखणे सोपे आहे: रंग पिवळट, चुरचूर गेलेली आणि वासाला कापलेले, काळे पडलेले सफरचंद.

विन्यांव द्राक्षाची लाल विन्यो व्हेर्द हा वेगळाच प्रकार. शाईसारखा रंग, कचकचीत आंबट, आणि गावाकडे ती पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून पितात. एकटी प्यायलात तर तोंड वाकडे होईल. तळलेल्या सार्डिनबरोबर किंवा चरबीदार डुकराच्या मांसाबरोबर घेतलीत तर आंबटपणा चरबी कापतो आणि मग ती का टिकून राहिली ते कळते.

दोरू आणि दांव, दोन्हीकडे तुरिगा नासिओनाल हेच द्राक्ष. मग चव वेगळी का?

जमीन आणि ऊन. दोरूच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरावर शिस्ट नावाचा थरांचा दगड आहे. तो दिवसा तापतो, रात्री उष्णता सोडतो, आणि त्याच्या भेगांतून मुळे खोलवर पाणी शोधत जातात. उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो. तिथली वाईन दाट, काळ्या बेरींची, मद्यांश 14 टक्क्यांच्या आसपास. दांव ग्रॅनाइटवर, डोंगरांनी वेढलेले आणि थंड रात्रींचे. म्हणून तिथे तेच द्राक्ष जास्त सुगंधी होते, व्हायोलेटची फुले आणि बर्गमॉट स्पष्ट जाणवतात आणि तुरटपणा बारीक राहतो.

आमचे मत विचाराल तर जेवणाबरोबर दांव जास्त उपयोगाची. दोरू ताटावर वरचढ होते.

दोरूची हद्द 1756 मध्ये पोम्बालचा मार्किस या पोर्तुगीज मंत्र्याच्या काळात आखली गेली, तीही मुख्यतः पोर्टसाठी. त्या खोऱ्यातली साधी लाल वाईन प्रतिष्ठेला पोचायला पुढची दोन शतके लागली. ‘बार्का व्हेल्या’ या तिथल्या नावाजलेल्या लाल वाईनचे पहिले वर्ष 1952.

बायर्राद्याच्या बागा द्राक्षाला लोक घाबरतात, ते का?

गोव्याच्या बागा किनाऱ्याशी याचा संबंध नाही. हे जाड सालीचे, उशिरा पिकणारे द्राक्ष आहे, आणि समुद्राजवळच्या बायर्राद्यात ते पिकायच्या सुमाराला पावसाचे दिवस सुरू होतात. शेतकरी घाबरून लवकर खुडतो आणि वाईन कच्च्या करवंदासारखी आंबट-तुरट होते. चांगल्या वर्षाची, चांगल्या हातची बागा आठ-दहा वर्षांनी उघडलीत तर चेरी, वाळलेली पाने, तंबाखू असे काहीतरी सुंदर हाती लागते. कोवळी घेतलीत तर दोन तास आधी काचेच्या भांड्यात ओतून ठेवा.

हेच लवकर खुडलेले द्राक्ष फेसाळ वाईनला उत्तम. मेआल्यादा गावात लसूण, मिरी, मीठ आणि चरबीचा लेप लावून भट्टीत भाजलेले डुकराचे पिल्लू मिळते. कुरकुरीत कातडी आणि आतली चरबी यांच्याबरोबर तिथे फेसाळ ब्रूतो पितात. लाल मांसाला लाल वाईन हा नियम या एका ताटावर मोडतो.

आलेंतेजोत रांजणात वाईन करतात म्हणे?

करतात, आणि रोमन काळापासूनची ती रीत आहे. मातीचा रांजण, त्यांच्या भाषेत ताल्या, आतून डांबरासारख्या राळेने लेपतात. चुरडलेली द्राक्षे सालीसकट, कधी काही देठांसकट आत टाकतात. आंबताना साली वर येऊन त्यांचा जाड थर तयार होतो. तो दिवसातून दोनदा-तीनदा लाकडी दांड्याने खाली ढकलावाच लागतो. आळस केला तर थराखाली वायू कोंडतो आणि रांजण फुटू शकतो. आंबणे संपले की साली तळाशी बसतात. 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, तळाजवळच्या भोकाला तोटी बसवतात. खाली बसलेल्या सालींतून गाळून वाईन निघते. ‘विन्यो दे ताल्या’ला 2010 पासून स्वतःचे नियम आहेत, आणि त्यात सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत वाईन सालींवर ठेवण्याची अट आहे.

पांढरी ताल्या अंबरच्या रंगाची, किंचित तुरट, अक्रोड आणि वाळलेल्या जर्दाळूच्या चवीची असते. फ्रीजमधून काढून लगेच प्यायलात तर फक्त तुरट लागेल. 14 अंशांच्या आसपास द्या.

आलेंतेजोची नेहमीची लाल, म्हणजे आरागोनेझ, त्रिंकादेइरा आणि आलिकांते बूशे यांचे मिश्रण, ही पोर्तुगालची सर्वांत सहज आवडणारी लाल. तिथल्या काळ्या डुकराच्या मांसाबरोबर आणि मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर ती उत्तम जाते.

पोर्ट गोड का आणि एवढी कडक का?

साखर घालत नाहीत. रस दोन-तीन दिवस आंबतो. निम्मी साखर शिल्लक असतानाच 77 टक्के मद्यांशाचे द्राक्षांचे स्पिरिट ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि मद्यांश 19 ते 22 टक्क्यांवर जातो. आंबायला वेळ इतका कमी मिळतो की तेवढ्यात सालींतला रंग आणि तुरटपणा काढायचा तर जोर लावावा लागतो. ग्रॅनाइटच्या उथळ टाक्यांत पायाने तुडवण्याची रीत म्हणूनच टिकली: पाय साल फोडतो, पण बी फोडत नाही, आणि बीचा कडूपणा रसात उतरत नाही.

मग दोन वाटा. रुबी गटात हवा कमी लागते आणि फळ ताजे राहते: रुबी, लेट बॉटल्ड व्हिंटेज (सुगीनंतर चौथ्या ते सहाव्या वर्षी भरलेली) आणि व्हिंटेज (दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरून पुढे दशकानुदशके बाटलीत मुरणारी). टॉनी गटात लहान पिंपांतून हवा लागते, रंग विटकरी होतो आणि चव सुकामेवा, कॅरॅमल, संत्र्याच्या सालीकडे झुकते. टॉनीवरचे 10, 20, 30, 40 हे आकडे मिश्रणाची शैली सांगतात, प्रत्येक थेंबाचे वय नव्हे. पैशाच्या मानाने वीस वर्षांची सर्वांत समाधान देते. चाळीसची किंमत जितकी चढते तितकी चव चढत नाही.

गोव्यात आणि महाराष्ट्रात दुकानांत मिळणारी स्वस्त, गोड देशी ‘पोर्ट वाईन’ ही दोरूची पोर्ट नव्हे. तिच्यावरून पोर्टबद्दल मत बनवू नका.

व्हिंटेज पोर्टमध्ये गाळ आहे. बिघडली का?

नाही, तो असायलाच हवा. ही वाईन न गाळता भरतात. बाटली किमान चोवीस तास उभी ठेवा. बूच जुना असेल तर मोडेल, म्हणून दोन पात्यांचा काढणा वापरा, स्क्रू नको. मागे दिवा किंवा मोबाईलचा टॉर्च धरून एका दमात हळू ओता आणि मानेत गाळ दिसला की थांबा. बूच फुटून तुकडे आत पडले तर धुतलेल्या मलमलीतून गाळा. सुगंधी साबणाने धुतलेले कापड मात्र अख्खी बाटली वाया घालवते.

वर प्लॅस्टिकची टोपी असलेला, हाताने उपटता येणारा बूच दिसला तर ती पोर्ट प्यायला तयार आहे, साठवण्यात अर्थ नाही.

उघडल्यावर किती दिवस टिकते?

विन्यो व्हेर्द दोन-तीन दिवस, लाल तीन-चार, दोन्ही फ्रीजमध्येच. व्हिंटेज पोर्ट दोन-तीन दिवसांत संपवा. रुबी आणि लेट बॉटल्ड आठवडाभर. टॉनी महिनाभर, कारण तिने हवा आधीच पचवलेली असते. मदेरा बेटावरच्या वाईनला तर काही होत नाही. उघडी बाटली कित्येक महिने कपाटात राहू द्या.

मदेरा एवढी टिकते कशी?

तिला आधीच उष्णतेने आणि हवेने छळलेले असते. मदेरा बेटावर भारताकडे आणि अमेरिकेकडे जाणारी जहाजे थांबत. पिंपे उष्ण कटिबंधातून जाऊन परत आली की वाईन सुधारलेली निघे. अशा फेरी मारून आलेल्या वाईनला चढा भाव मिळे. आता तेच काम बेटावर करतात. स्वस्त मदेरा टाकीत 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने तापवतात, चांगली मदेरा गोदामाच्या उबदार माळ्यावर पिंपांत वर्षानुवर्षे ठेवतात.

कोरडीपासून गोडीकडे क्रम असा: सेर्सियाल, व्हेर्देल्यो, बोआल, माल्व्हासिया. सेर्सियाल थंड करून खारवलेल्या बदामांबरोबर, व्हेर्देल्यो मशरूमच्या सूपबरोबर, बोआल आणि माल्व्हासिया शेवटच्या गोडाबरोबर. गोड असूनही कुठलीच चिकट लागत नाही, कारण आंबटपणा जबर असतो.

बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेल्या कॉडबरोबर काय?

आधी मासा नीट भिजवा: थंड पाण्यात, फ्रीजमध्ये, 24 ते 48 तास, पाणी चार-पाचदा बदलून. मीठ राहिले तर कुठलीही वाईन कडू लागेल. मग पदार्थावर ठरवा. बटाटा-अंड्याबरोबर परतलेला असेल तर आरिंतो द्राक्षाची ताजी पांढरी. मलईत भाजलेला असेल तर दांवची एंक्रुझादो द्राक्षाची पांढरी, शक्यतो पिंपात ठेवलेली. लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेलात भाजलेल्या जाड तुकड्याबरोबर पोर्तुगीज घरांत सर्रास लाल पितात आणि ते चालतेही. फक्त ती हलकी, जुनी, कमी तुरट हवी. तेलकट ताज्या माशाबरोबर लाल वाईनचा धातूसारखा स्वाद येतो तो वाईनमधले लोह माशाच्या तेलाशी जुळत नाही म्हणून. कॉड कमी तेलाचा, म्हणून तिथे धोका कमी.

गोव्याच्या जेवणाबरोबर चालतात का?

चालतात, पण दोन गोष्टी सांभाळून. मद्यांश आणि तुरटपणा तिखटाची आग वाढवतात. गारवा आणि किंचित गोडी ती शमवतात. आणि व्हिनेगर घातलेल्या पदार्थापुढे कमी आंबट वाईन पाणचट वाटते.

विंदालूचे मूळ रूप मदेरात अजून नाताळला बनते: वाईन किंवा व्हिनेगर आणि लसणीत मुरवलेले डुकराचे मांस. गोव्यात माडीचे व्हिनेगर आले, मिरची आली, आणि लाल दोरू तिथून बाद झाली. विंदालू आणि सोरपोतेलबरोबर बायर्राद्याची फेसाळ किंवा गुलाबी विन्यो व्हेर्द घ्या. रेशादो बांगड्याबरोबरही तीच गुलाबी. काफ्रियालच्या कोथिंबिरीला लोरेइरो. कालदीनच्या नारळाच्या पिवळ्या रश्श्याला आल्व्हारिन्यो, ही आमच्या मते सगळ्यांत चांगली जोडी. शाकुतीत भाजलेले खोबरे आणि मसाले दाट असतात, तिथे आलेंतेजोची मऊ लाल 15 अंशांवर थंड करून. गोव्याच्या चोरिसांना सेतुबालजवळच्या पाल्मेलाची कास्तेलांव द्राक्षाची लाल. बेबिंकाबरोबर सेतुबालची गोड मोस्कातेल: संत्र्याच्या फुलांचा वास आणि मधाची चव, जायफळाशी छान जमते.

शाकाहारी लोकांनी काय पाहावे?

वाईन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातले केसिन, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरला जाऊ शकतो. युरोपात अंडे किंवा दूध ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त उरले तर लेबलवर लिहावे लागते. पण निश्चित हवे असेल तर ‘व्हेगन’ असे लिहिलेलीच बाटली घ्या.

चीजच्या बाबतीत बातमी चांगली आहे. सेरा दा एश्त्रेला, आझेइतांव आणि सेर्पा ही मेंढीच्या दुधाची नावाजलेली चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट या विरजणाने नव्हे, रानटी काटेरी फुलाच्या केसरांनी विरजतात. त्यातून येणारा हलका कडवटपणा लाल वाईनला टोचतो. एंक्रुझादो किंवा दहा वर्षांची टॉनी बरोबर द्या.

‘रूम टेंपरेचर’ म्हणजे किती?

युरोपातल्या थंड खोलीचे, पुण्या-पणजीचे नव्हे. 30 अंशांवर लाल वाईनमधून फक्त स्पिरिटचा वास येतो. साध्या लाल 15 ते 17 अंश, बागा आणि कास्तेलांव 14 ते 15, टॉनी 12 ते 14, विन्यो व्हेर्द 8 ते 10. लाल बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत निम्मे बर्फ, निम्मे पाणी आणि मूठभर मीठ: लाल दहा मिनिटांत, पांढरी वीस-पंचवीस मिनिटांत. नुसत्या बर्फात ठेवू नका, काचेला पाणी टेकल्याशिवाय गारवा लागत नाही.

बाटली बिघडली हे कसे ओळखायचे?

ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर बूच सडका, परत करा. बूच वर ढकललेला किंवा कडेने चिकट ओघळ असेल तर प्रवासात उन्हात तापली, घेऊच नका. तळाशी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी. आगकाडीचा वास येत असेल तर ग्लासात दहा मिनिटे फिरवा, बहुधा जातो.

पांढऱ्या पोर्टचे काय करायचे?

उंच ग्लासात भरपूर बर्फ, 50 मिलि कोरडी पांढरी पोर्ट, 100 मिलि टॉनिक, संत्र्याची चकती, पुदिन्याचे पान. गोड प्रकार वापरलात तर टॉनिकची साखर मिळून सरबत होते. लेबलवर ‘सेको’ बघूनच घ्या.